व्हेर्नोलची गोधडी

१. रिकामी भिंत

शुक्रवारी संध्याकाळी मुलं बेसमेंटमध्ये उतरली आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबली. समोरची भिंत रिकामी होती. दोन खिळ्यांना बांधलेली दोरी तेवढी जागेवर होती. तिच्यावर हिवाळाभर टांगलेली गोधडी नव्हती.

ही गोधडी साधी नव्हती, म्हणून तिची गोष्ट आधी सांगायला हवी.

अमेरिकेतल्या नेपरव्हिलमधलं हे घर पद्मजाकाकूंचं. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली काचा बघण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराचा बेसमेंट मुलांना देऊन टाकला. मॅचच्या दिवशी तिथे तिघं हमखास जमत: अकरा वर्षांची उपासना, तेरा वर्षांचा वेदांत आणि आठ वर्षांची ऋता. फ्रान्समधली रात्र म्हणजे इथली दुपार, त्यामुळे जेवण झालं की सगळे टीव्हीसमोर.

व्हेर्नोल हे फ्रान्समधलं छोटं गाव. उपासनाचे बाबा, बुद्धभूषण, पूर्वी तिथल्या पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर होते. तिथून ते अमेरिकेत आले ते त्या गावच्या फुटबॉल क्लबचं वेड घेऊनच. यंदा तो क्लब पहिल्यांदाच फ्रान्सच्या सगळ्यात वरच्या विभागात पोचला. बुद्धभूषण यांनी ही बातमी मुलांना सांगितली आणि वेड घरोघर पसरलं.

गोधडी शिवली उपासनाच्या आजीने. गिरजाबाई पूर्वी नागपूरला मुलींच्या शाळेत शिवण शिकवत, आता मुलाकडे राहत. त्यांनी पाच ओळी आखल्या, प्रत्येक ओळीत सात चौकोन. पहिल्या चौकोनात क्लबचं चिन्ह. पुढे दर मॅचला एक तुकडा. जिंकलो तर आजीच्या जुन्या साडीचा निळा, बरोबरी झाली तर चादरीचा पांढरा, हरलो तर बाबांच्या पँटचा राखाडी.

सुरुवातीला व्हेर्नोल इतकं हरलं, की बुद्धभूषण म्हणाले, असंच चाललं तर मला ऑफिसला जायला पँट उरणार नाही. नाताळची सुट्टी झाली, बाहेर बर्फ साचला, आणि कुणास ठाऊक काय झालं, निळे तुकडे लागायला लागले. आता शेवटचा एकच चौकोन उघडा होता. मॅच उद्या, शनिवारी दुपारी, तीही विजेतेपद आधीच खिशात घातलेल्या पॅरिसच्या बलाढ्य संघाशी. जिंकलं तर व्हेर्नोल वरच्या विभागात राहणार. नाही तर खाली.

आणि गोधडीच गायब.

वेदांत सगळ्यात आधी बोलला. "उपासनाने घेतली. लास्ट वीक ती काय म्हणाली, आठवतंय?"

ते सगळ्यांना आठवत होतं. गेल्या शनिवारी व्हेर्नोल हरलं तेव्हा उपासना रागाने म्हणाली होती, की ही गोधडी मी एक दिवस कचऱ्यात टाकीन.

"मी रागात बोलले," उपासना म्हणाली. "दॅट्स नॉट फेअर, वेदांत."

ऋताने हळूच हात वर केला. बुधवारी सकाळी स्कूल बसमधून तिने उपासनाच्या दारात मोठ्या पांढऱ्या पिशव्या पाहिल्या होत्या. तीन होत्या. तिने मोजल्या होत्या.

उपासनाचा चेहरा उतरला. तिने जॅकेट उचललं. "उद्याची मॅच तुम्हीच बघा," असं म्हणून ती जिना चढून निघून गेली.

२. दोरी, चिमटे आणि एक वास

पद्मजाकाकूंचे गुडघे दुखत, त्यामुळे आठवड्यात त्या खाली उतरत नसत. आता कठड्याला धरून आल्या, स्टुलावर बसल्या आणि दोन्ही मुलांना म्हणाल्या, "आधी फक्त डोळ्यांना दिसतं ते सांगा. मनाला काय वाटतं, ते नंतर."

मुलांनी शोधायला सुरुवात केली. गोधडी दोरीला लाकडी चिमट्यांनी लावलेली असे. ते चिमटे जमिनीवर पडलेले नव्हते, शेल्फवरच्या पत्र्याच्या डब्यात नीट परत ठेवलेले होते. दरवाजा तुटलेला नव्हता, पण त्याला अर्थ नव्हता, कारण गॅरेजचा कोड ओळखीच्या सगळ्यांना ठाऊक होता. मग ऋता गुडघ्यांवर रांगत भिंतीपाशी गेली आणि तिने कार्पेटला नाक लावलं. तिथे पुसलेला तपकिरी डाग होता.

"चहा," ती म्हणाली. "आणि लेमनग्रास."

वेदांत लगेच म्हणाला, की गवती चहाची कुंडी तर उपासनाच्या घरी आहे. काकूंनी मान डोलावली. मग त्याला विचारलं, उपासना चहा पिते का? मुलांपैकी कुणीच चहा पीत नव्हतं. काकू स्वतः कॉफी घेत.

"आणि टीव्ही कोणत्या चॅनेलवर आहे, बघ जरा."

टीव्ही लावला तर मॅचचंच चॅनेल निघालं. पण शनिवारी मॅच संपल्यावर ऋताने कार्टून लावलं होतं. निघताना टीव्हीही तिनेच बंद केला होता. हे ती शपथेवर सांगायला तयार होती.

म्हणजे आठवड्यात कुणीतरी इथे एकट्याने बसून फुटबॉल पाहिलं होतं, आणि चहा पीत पाहिलं होतं.

वेदांतला आता मजा यायला लागली. त्याने सुमंतकाकांचं नाव घेतलं. हे निवृत्त हार्ट सर्जन. मराठी मंडळाचे कार्यक्रम ते बसवत आणि मुलं तालमीला येत नाहीत म्हणून फुटबॉलवर खार खाऊन असत. शनिवारी मॅच संपून टीव्ही बंद झाल्यावर ते तालमीचं वेळापत्रक द्यायला आले होते. हातात थर्मास, त्यात गिरजाबाईंनी दिलेला गवती चहा घातलेला. जिन्यावर उभ्या उभ्या त्यांनी सुनावलं होतं: "मी तुमची एकही मॅच बघितलेली नाही, बघणारही नाही. तो बुटका गोलकीपर दर पेनल्टीला उजवीकडेच उडी मारतो, असल्यांवर वेळ घालवता."

"त्यांना गोधडी आवडतच नव्हती," वेदांत म्हणाला. "मोटिव्ह आहे, काकू."

"मोटिव्ह आहे," काकू म्हणाल्या. "पण ज्याला राग आहे, तो चिमटे डब्यात ठेवतो का रे?"

त्यांनी सुमंतकाकांना फोन लावला. तो बंद होता. बुधवारी पहाटे ते हर्नडनला लेकीकडे गेले होते आणि आत्ता परतीच्या विमानात होते.

काकूंनी कोट चढवला. पुढचं उत्तर दुसऱ्याच घरात होतं.

३. रिकामा डबा

गिरजाबाईंनी दार उघडलं, पाणी दिलं, पण नेहमीसारखं हसल्या नाहीत. उपासना वरच्या खोलीत दार लावून बसली होती. बुद्धभूषण शांतपणे म्हणाले, की काकू, माझी मुलगी खोटं बोलत नाही, आणि तिला उद्या तिथे यायला मी सांगणारही नाही.

काकूंनी वाद घातला नाही. त्या गिरजाबाईंकडे वळून म्हणाल्या, तुम्ही माझ्यावर रागावलेल्या दिसता, आणि ते फक्त आजच्यासाठी नाही.

गिरजाबाई आत गेल्या आणि स्टीलचा एक डबा घेऊन आल्या. मागच्या शनिवारी त्यांनी काकूंकडे त्यातून पाटवड्या पाठवल्या होत्या. बुधवारी सकाळी हा डबा बाहेर पायरीवर ठेवलेला सापडला.

"रिकामा," गिरजाबाई म्हणाल्या. "चमचाभर साखरसुद्धा नाही. बेल वाजवली नाही, हाक मारली नाही. पाटवड्या आवडल्या नसतील म्हणून गप्प बसले. आज कळलं, तुमच्या मनात आमच्याविषयी आधीपासूनच काहीतरी होतं."

पद्मजाकाकू डब्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या घरातून आजवर कुणाचा डबा रिकामा गेला नव्हता. काही नसेल तर चार बदाम तरी त्या टाकत. हा डबा तर त्यांनी धुऊन ओट्यावर ठेवला होता, रविवारी लाडू झाले की भरून द्यायचा म्हणून. लाडू राहिले आणि डबाही डोक्यातून गेला.

"गिरजाबाई, हा डबा मी पाठवलेला नाही," त्या म्हणाल्या, आणि संध्याकाळपासून पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. मग त्यांनी बुद्धभूषण यांना पिशव्यांचं विचारलं.

हिवाळा संपला म्हणून त्यांनी जुने कोट गरजूंसाठी दिले होते. एका धर्मादाय संस्थेचा ट्रक बुधवारी फिरतो, पांढऱ्या पिशव्या आदल्या दिवशी दारात ठेवायच्या, ते सकाळी घेऊन जातात.

"किती पिशव्या ठेवल्या होत्या?"

"दोन."

जिन्यावर पाऊल वाजलं. उपासना वरून ऐकत उभी होती.

"ऋताने तीन पाहिल्या," काकू तिच्याकडे बघून म्हणाल्या. "उद्या सकाळी सगळ्यांना इथे बोलावते. नाव या घराचं खराब झालं ना, मग ते इथेच साफ व्हायला हवं."

४. खुलासा

वाचणाऱ्या मुलांनी इथे पुस्तक जरा बाजूला ठेवावं. काकूंना जे कळलं ते सगळं तुम्हालाही कळलेलं आहे. लपवून ठेवलेलं काही नाही. पाच गोष्टी जुळवून बघा: डब्यात परत गेलेले चिमटे, गवती चहाचा डाग, मॅचचं चॅनेल, रिकामा डबा आणि तिसरी पिशवी. जमलं तर उत्तम. नाही जमलं तरी बिघडत नाही, पुढच्या वेळी जमेल.

शनिवारी सकाळी गिरजाबाईंच्या हॉलमध्ये सगळे बसले. सुमंतकाका रात्री उतरले होते. त्यांना काय झालंय याची कल्पना नव्हती. तालमीबद्दल बोलायचं असेल म्हणून ते वेळापत्रक घेऊन आले होते.

काकूंनी डबा मधल्या टेबलावर ठेवला.

"चोर गोधडी नेईल," त्या म्हणाल्या. "पण जाता जाता शेजारणीचा धुतलेला डबा तिच्या दारात पोचवेल का? म्हणजे नेणारा चोर नव्हता. तो गिरजाबाईंकडेच येत होता, आणि ओट्यावर त्यांचा डबा दिसला म्हणून जाताच आहे तर हाही देऊन टाकू, असं त्याने केलं. मग गोधडी गिरजाबाईंकडे का आणायची? कारण ती खराब झाली होती, आणि दुरुस्त करणारं माणूस इथे आहे. कार्पेटवर चहा सांडला, तसा तो गोधडीवरही सांडला."

उपासना सरळ होऊन बसली.

काकू पुढे म्हणाल्या, की नेणारा चहा पितो, म्हणजे मोठा माणूस. त्यात गवती चहा घालतो. चिमटेसुद्धा जागच्या जागी ठेवण्याची त्याला सवय आहे, जशी ऑपरेशननंतर हत्यारं मोजून ठेवणाऱ्याला असते. डबा रिकामा देऊ नये हे त्याच्या ध्यानात आलं नाही, कारण डबे भरण्याचं काम त्याच्या घरात त्याने कधी केलेलं नाही.

गिरजाबाईंनी तोंडाला पदर लावला. सुमंतकाका कागदाची घडी घालत होते, उलगडत होते, पुन्हा घालत होते.

"आणि शेवटचं," काकू म्हणाल्या. "त्याने खाली एकट्याने मॅच पाहिली. आता मला सांगा, ज्याने एकही मॅच पाहिली नाही, त्याला गोलकीपर कोणत्या बाजूला उडी मारतो हे कसं कळलं?"

वेदांतने टाळी वाजवली. सगळे सुमंतकाकांकडे वळले.

काका उठून उभे राहिले. मंगळवारी, पद्मजाबाई लायब्ररीत मुलांना वाचायला शिकवायला जातात तेव्हा, ते बेसमेंटमध्ये मॅचचं पुनःप्रक्षेपण बघायला येत. हे चॅनेल त्यांच्या घरी नव्हतं. हिवाळाभर हे चाललं होतं. या मंगळवारी एक गोल हुकला, ते ताडकन उठले आणि थर्मासचं झाकण गोधडीवर उपडं झालं. बुधवारी पहाटे विमानतळावर जाताना त्यांनी गोधडी स्वच्छ पांढऱ्या पिशवीत घालून गिरजाबाईंच्या पायरीवर ठेवली. इतक्या लवकर बेल कशी वाजवायची? डाग दिसला की गिरजाबाईंना कळेलच, असं त्यांना वाटलं. फोन केला असता तर फुटबॉलचं सांगावं लागलं असतं.

"आणि पिशवी ट्रकने नेली," बुद्धभूषण हळू आवाजात म्हणाले.

सुमंतकाकांना हे आत्ता कळत होतं. ते उपासनासमोर गेले. "बेटा, माझ्या लाजेपायी तुझ्यावर आळ आला. मला माफ कर."

उपासनाने त्यांच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "काका, तुमची कार मोठी आहे ना? मग चला."

५. पाठ वळवून

संस्थेचं, दान आलेल्या वस्तू विकणारं दुकान हायवेपलीकडे होतं. सगळे दारात पोचले तेव्हा ते नुकतंच उघडलं होतं. गोधडी शोधावी लागली नाही. ती काउंटरमागच्या भिंतीवरच टांगलेली होती, कोपऱ्यात चहाचा डाग आणि खाली उघडा चौकोन.

काउंटरवरच्या वयस्क बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, की कालपासून तिघांनी हे क्विल्ट आपलंच असल्यासारखं मागितलंय. मी ते विकलं नाही, कारण कुणीतरी हे रोज थोडं थोडं शिवलंय हे मला दिसतं. पण मी ते तुम्हालाच का द्यावं?

सुमंतकाका पाकीट काढायला लागले. उपासनाने त्यांचा हात अडवला. ती काउंटरपुढे गेली आणि गोधडीकडे पाठ करून उभी राहिली.

"तुम्ही फक्त बघा," ती बाईंना इंग्रजीत म्हणाली. "मी न बघता सांगते."

आणि तिने मोसम सांगायला सुरुवात केली. पहिल्या चौकोनात चिन्ह, मग सलग पाच राखाडी. पाचवा राखाडी तुकडा खिशाजवळचा आहे, त्यावर शिवण दिसेल. मग पहिला पांढरा, कारण बंदराच्या गावाशी आम्ही शेवटच्या मिनिटाला बरोबरी केली आणि ऋता सोफ्यावरून पडली. दुसऱ्या ओळीत एकच निळा आहे, मधोमध. तो थोडा वाकडा आहे, कारण तो मी शिवला. तिसऱ्या ओळीच्या शेवटी तीन निळे सलग आहेत. तेव्हा इथे इतका बर्फ होता की वेदांत फावडं घेऊन चालत आला होता. चौथ्या ओळीत एका निळ्यावर जरीचा काठ आहे. त्या दिवशी आम्ही दोन गोलने मागे होतो आणि तीन गोल करून जिंकलो, म्हणून आजी म्हणाली, याला काठ पाहिजे.

बाई एकेका चौकोनावर बोट ठेवत होत्या. दुकानातले दोघं-तिघं गिऱ्हाईक जवळ येऊन थांबले. वेदांत ओठ न हलवता तिच्याबरोबर रंग मोजत होता. तो एकदाही तिला अडवू शकला नाही.

"शेवटच्या ओळीत सहा तुकडे आहेत," उपासना म्हणाली. "सहावा राखाडी. त्याच दिवशी मी चिडून म्हणाले होते, की ही कचऱ्यात टाकीन. सातवा अजून नाही. तो आज लागणार आहे."

बाईंनी गोधडी खाली उतरवली, घडी घातली आणि दोन्ही हातांनी तिच्या हातात दिली. पैसे घेतले नाहीत. फक्त विचारलं, मॅच कुठे दिसते?

दुकानाबाहेर वेदांत उपासनाच्या समोर उभा राहिला. त्याने बूट घासले, खिशात हात घातले, बाहेर काढले.

"सॉरी," तो म्हणाला. "मी न बघताच बोललो."

"मी बघ, न बघता बरोबर बोलले," उपासना म्हणाली. तोही हसला आणि तीही.

६. शेवटचा तुकडा

दुपारी बेसमेंटमध्ये बसायला जागा नव्हती. गोधडी दोरीवर होती. गिरजाबाईंनी डाग धुवायला नकार दिला होता. मॅचच्या दिवशी गोधडी ओली ठेवायची नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. सुमंतकाका पुढच्या रांगेत बसले होते, थर्मास जिन्यावर ठेवून यायची ताकीद मिळाल्यामुळे हात मोकळे घेऊन.

पॅरिसने पहिला गोल केला. मध्यंतरानंतर व्हेर्नोलने तो फेडला. मग व्हेर्नोलच्या बदली खेळाडूने, ज्याचं नाव कुणालाच नीट उच्चारता येत नसे, कोपऱ्यातून आलेल्या चेंडूला डोकं लावलं आणि व्हेर्नोल पुढे गेलं. बुद्धभूषण यांनी आईला मिठी मारली.

आणि अगदी शेवटी पॅरिसला पेनल्टी मिळाली.

सगळे पुढे सरकून बसले. टीव्हीवर तो बुटका गोलकीपर रेषेवर उभा होता.

"हा उजवीकडेच जाणार," सुमंतकाका पुटपुटले. "आणि ते त्यांनाही ठाऊक आहे. नको जाऊस बाबा. आज एकदा नको जाऊस."

तो गेला नाही. तो होता तिथेच उभा राहिला. चेंडू बरोबर मध्ये आला, त्याच्या छातीवर आदळला आणि त्याने तो दोन्ही हातांनी कवटाळला.

त्यानंतरचा आवाज शेजारच्या चार घरांत ऐकू गेला असणार. ऋता पुन्हा सोफ्यावरून पडली. व्हेर्नोल राहिलं होतं.

गिरजाबाईंनी पिशवीतून निळा तुकडा काढला. त्याला जरीचा काठ आधीच लावलेला होता. म्हणजे त्यांनी तो केव्हाच तयार ठेवला होता. त्यांनी सुई ओवली आणि ती उपासनाच्या हातात दिली. उपासनाने दोन बाजू शिवल्या, मग सुई सुमंतकाकांपुढे धरली.

"उरलेल्या दोन तुम्ही," ती म्हणाली.

काकांनी चष्मा लावला. ज्या हातांनी त्यांनी शेकडो हृदयं शिवली होती, ते हात आता गोधडीवर टाके घालायला लागले. सगळे वाकून बघत होते. शेवटची गाठ मारून त्यांनी धागा तोडला आणि गिरजाबाईंकडे पाहिलं.

गिरजाबाईंनी टाक्यांवरून बोट फिरवलं. "थोडे सैल आहेत," त्या म्हणाल्या. "पण टिकतील."

पद्मजाकाकू तोवर वर जाऊन आल्या होत्या. त्यांनी स्टीलचा डबा गिरजाबाईंच्या मांडीवर ठेवला. बेसनाच्या लाडवांनी तो इतका भरला होता की झाकण बसत नव्हतं.

उपासनाने एक लाडू उचलून सुमंतकाकांना दिला.

"काय डॉक्टर," तिने विचारलं, "पेशंट वाचला ना?"

काकांनी भिंतीवरच्या निळ्या तुकड्याकडे एकदा पाहिलं.

"वाचला," ते म्हणाले. "आता वरच्याच मजल्यावर राहणार."